आमसुलातल्या पुंगळ्या

बाबा पोत्याचं तोंड सोडून गच्चीवरच्या जुन्या चादरीवर पुंगळ्यांचा ढीग ओतायचे, तेव्हा जो आवाज व्हायचा तो मी पुन्हा कुठे ऐकला नाही. भांडी पडल्याचा आवाज जाड असतो, हा बारीक आणि घाईघाईचा होता. सगळा ढीग शांत झाला तरी एखादी पुंगळी उगाच घरंगळत कठड्यापर्यंत जायची आणि तिथे टक्कन थांबायची. ओमानमधल्या सलालाहमध्ये आमचं बिऱ्हाड एका गॅरेजच्या डोक्यावर होतं. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि ही गच्ची. मागे नारळाची बाग होती, तिच्यापलीकडे समुद्र. गाव सोडताना आई रडली होती म्हणे, पण इथे खिडकीतून पहिला माड दिसला तेव्हा तिने डोळे पुसले आणि आधी चूल कुठे मांडायची ते विचारलं. अशी ती. रडायचं तेवढं रडून झालं की लगेच कामाला लागायची.

बाबा शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात बंदुकांचे मिस्त्री होते. पुण्याजवळच्या दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून ते इकडे आले होते. क्लबात सरावासाठी जी काडतुसं उडवली जात, त्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या टाकून द्यायच्या नसत. त्या धुवायच्या, घासायच्या, तपासायच्या आणि पुन्हा भरायच्या. एक पुंगळी कितीतरी वेळा वापरता येते, फक्त तिचं पितळ धड हवं. भरण्याचं काम क्लबाच्या कुलूपबंद खोलीत चाले आणि तिची किल्ली बाबांच्या कमरेला असे. घरी यायच्या त्या नुसत्या रिकाम्या पुंगळ्या, धुण्यासाठी. त्या काळी असल्या गोष्टींना कोणी हरकत घेत नसे. आता माझ्या नातीला मी हे मस्कतमधल्या अझैब्याच्या आमच्या एसी बैठकीत बसून सांगते, तर ती म्हणते, "आजी, यू मीन, तू बुलेट्स वॉश करायची?" बुलेट नव्हे गं बाई, पुंगळी. तिला ळ म्हणता येत नाही. 'पुंगली' म्हणते आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालते. तिच्या आईबापाला मी काही बोलत नाही, पण इथे लिहून ठेवते.

आईला सुरुवातीला हे काम अजिबात आवडलं नव्हतं. ती त्यांना 'उष्टी' म्हणायची. बंदुकीने खाऊन टाकलेली, म्हणून उष्टी. माझ्या न्हाणीत नको, माझ्या देवांच्या भांड्यांजवळ तर नकोच नको, असा तिचा हुकूम होता. म्हणून पुंगळ्यांसाठी वेगळं टमरेल, वेगळी बादली, वेगळा ब्रश. पण नवरा शुक्रवारची सुट्टी सोडून एकटा पाटावर बसून घासतोय आणि त्याच्या बोटांना भेगा पडल्यात, हे तिला किती दिवस बघवणार? काही महिन्यांत ती स्वतःच पदर खोचून बसायला लागली आणि मग मीही. गरम पाण्यात साबण कालवायचा, बाटलीच्या बारीक ब्रशने आतली काजळी काढायची, तीन पाण्यांतून काढायची आणि उन्हात पसरायची. ओमानचं ऊन असं की शेवटची पुंगळी पसरेपर्यंत पहिली हातात धरवत नसे. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसायचो. तारल्यांचं सुकं, भात आणि सोलकढी. सोलकढी म्हणजे आईचा अभिमान होता. नारळ इथे ढिगाने मिळत, पण आमसुलं गावाहून येत, कोणी येणारं-जाणारं असलं तरच. ती चिनीमातीच्या बरणीत असत आणि बरणी आईच्या ताब्यात.

वाळलेल्या पुंगळ्या बाबा क्लबात नेऊन एका फिरत्या पिंपात घालत. पिंपात खजुराच्या बियांचा जाडसर भरडा असे. ही युक्ती बाबांची, कारण त्या देशात दुसरं काही फुकट मिळो न मिळो, खजुराच्या बिया मिळतातच. पिंप फिरून थांबलं की पुंगळ्या सोन्यासारख्या निघत. मग बाबा मूठभर पुंगळ्या या हातातून त्या हातात सोडत आणि ऐकत. धड पितळ खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. गावच्या बाजारात मडकं घेतानासुद्धा ते असंच टिचकी मारून ऐकायचे आणि कुंभाराला वैताग आणायचे. आमच्या घरातली शांतता ही कायम काहीतरी ऐकण्यासाठी राखलेली असायची, असं मला आता वाटतं.

क्लबाचे प्रमुख मुसल्लम नावाचे एक निवृत्त फौजी होते. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. उंच, सडपातळ, थोडंच बोलणारे. तरुणपणी व्यापारी काकांबरोबर मुंबईच्या फेऱ्या केल्यामुळे त्यांना हिंदी चांगलं येई. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कडेला निळसर ठिपके होते. एकदा त्यांच्या हातात काडतूस मागच्या बाजूने फुटलं होतं, त्याची ती दारू कातडीत कायमची राहिली होती. डोळा थोडक्यात वाचला. म्हणून पुंगळ्या भरण्याचं काम त्यांनी इतर कोणालाही न देता बाबांना दिलं होतं.

त्या वर्षी खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, जरा जास्तच लांबला. ज्यांनी सलालाह पाहिलं नाही त्यांना सांगते. तिथे पावसाळ्यात पाऊस असा पडत नाही, धुकं पडतं. डोंगर हिरवे होतात, ऊन रजेवर जातं आणि घरातलं मीठसुद्धा पाझरायला लागतं. आता दुबईपासून माणसं गाड्या हाकत ते धुकं बघायला येतात आणि मक्याची कणसं खात फोटो काढतात. आम्हाला मात्र त्या दिवसांत कपडे वाळवायचे कसे हाच प्रश्न असे. पुंगळ्यांचीही तीच गत. कितीही घासल्या तरी दमट हवेत त्या काळवंडत, कडेला हिरवट होत. क्लबात मोठी स्पर्धा होती, मस्कतहून पाहुणे येणार होते आणि बाबा सकाळचे जात ते अंधार पडल्यावर येत. पुंगळ्यांची दोन पोती गच्चीच्या आडोशाला तशीच काळी पडून होती.

त्यातच गणपती जवळ आले होते. मूर्ती मिळत नसे म्हणून आमच्याकडे सुपारीचा गणपती. आईने समई, तांब्या, ताम्हन आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून भिजत टाकली. अर्ध्या तासात सगळी लखलखीत. ती त्या ताम्हनाकडे बघत राहिली, मग आडोशाच्या पोत्यांकडे. मला म्हणाली, बरणी आण. मी आणली. तिने ती बरणी, वर्षभराची आमसुलं असलेली, बादलीत पालथी केली, वर मीठ, वर गरम पाणी, आणि मावतील तेवढ्या पुंगळ्या त्यात सोडल्या. सोलकढीचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, एक वर्ष नाही प्यायली तर कोणी मरत नाही, पण तुझ्या बापाच्या बोटांचं काय झालंय ते बघितलंस का. वर झाकण ठेवून आम्ही दोघी गप्प बसलो. बाबांना चकित करायचं होतं.

अर्ध्या तासाने काढायच्या होत्या. पण तेवढ्यात खाली गॅरेजला लागून राहणाऱ्या फिलोमिना मावशीने हाका मारल्या. मावशी वसईची. तिचा नवरा पास्कू काका एका हॉटेलात आचारी होता आणि तो नेमका कामावर होता. मावशीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. आई जशी होती तशी तिच्याबरोबर इस्पितळात गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली, मुलगी झाल्याची बातमी घेऊन. मला भात लावता येत होता, तो मी लावला. बादली झाकलेली होती आणि आई सांगेल तेव्हाच उघडायची असं मी समजून होते.

पुंगळ्या निघाल्या त्या स्वच्छ, पण गुलाबी. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमसुलाचं पाणी लालच असतं, त्याचा रंग चढला असणार. आईने त्या खळखळून धुतल्या, चुलीजवळ वाळवल्या आणि आधीच्या धुतलेल्यांत मिसळून पोतं बांधून ठेवलं. बाबांनी घाईत पोतं नेलं, पिंपात ओतलं, आणि खजुराच्या बियांनी वरचा गुलाबीपणा घासून काढला. तडा कुठेच नव्हता, त्यामुळे कानालाही काही कळलं नाही. संध्याकाळी ते घरी आले ते खूश होऊन. असं पितळ मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नव्हतं, म्हणाले. आई नुसती हसली, कशाने ते सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस बाबांनी ती सगळी काडतुसं भरली.

गणपतीच्या दिवशी संध्याकाळी आरती झाली. बाबा नमस्काराला वाकले, उठले आणि उठता उठता थांबले. सुपारीच्या गणपतीसमोर उदबत्ती लावलेली होती ती एका पुंगळीत. आईने एक पुंगळी स्वतःसाठी ठेवून घेतली होती, तांदूळ भरून तिचं उदबत्तीचं घर केलं होतं. एकेकाळी जी उष्टी होती ती आता देवापुढे बसली होती. बाबांनी उदबत्ती काढून बाजूला ठेवली, तांदूळ ताटलीत ओतले आणि पुंगळी दिव्याजवळ धरली.

"ह्यां असा गुलाबी कित्याक?" त्यांनी विचारलं.

"सोलांत घातललंय," आई म्हणाली. "देवाची भांडी घालतंय तशीच. तुमका सांगूक नाय, गंमत म्हणान."

किती वेळ घातली होती, असं बाबांनी विचारलं, आणि तिने सांगितलं. बाबांनी पक्कड आणली आणि पुंगळीचं तोंड हलकेच दाबलं. चांगलं पितळ वाकतं. ही पुंगळी खाऱ्या बिस्किटासारखी तुटली. मग बाबांनी आवाज न चढवता समजावलं की आंबट आणि मीठ मिळून पितळातलं जस्त खातात, मागे उरतं ते नुसतं तांबं, पोकळ. पाच-दहा मिनिटांनी काही होत नाही, पण रात्र आणि दिवस म्हणजे फार झालं. अशी पुंगळी बंदुकीत फुटली तर जाळ मागे येतो, नेमबाजाच्या डोळ्यावर. आणि आता कोणती आमसुलातली आणि कोणती साबणाची हे भरलेल्या काडतुसांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं.

स्पर्धा चार दिवसांवर होती. बाबा गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. कदाचित काही झालंही नसतं. पण गप्प राहावं का, हा प्रश्न त्या घरात कोणी तोंडातून काढला नाही, याबद्दल मी आजही त्या दोघांची ऋणी आहे. आईने सुपारीच्या गणपतीपुढे हात जोडले आणि बाबांनी सकाळसाठी कपडे काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते दुपारीच घरी आले. कमरेला किल्ली नव्हती. सगळी काडतुसं बाजूला काढायला लावली, म्हणाले, आणि स्पर्धा पुढे ढकलली. अर्बाबांना मस्कतच्या पाहुण्यांना फोन करून खाली मान घालावी लागली. बाबांना त्यांनी घरी बसायला सांगितलं होतं आणि पासपोर्टचं काय ते नंतर बघू असं म्हटलं होतं. आखातात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. बाबांची नोकरी गेली की आमचा व्हिसा गेला, माझी शाळा गेली, हे घर गेलं. आईने विचारलं, मी केलं असं सांगितलंत तरी त्यांनी तुम्हालाच काढलं? बाबा चपला काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी सांगलंय, माझ्या हातान झाला म्हणान."

आई रागावलेली मी अनेकदा पाहिली होती, पण तशी नाही. "मी केल्लां तुमी आपल्या नावार कित्याक घातलात?" एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, बाईमाणसाचं नाव क्लबात कशाला, चार माणसं हसतील, काम माझं म्हणजे चूकही माझी. तिने रात्रीचं जेवण केलं, वाढलं, भांडी घासली. सकाळी उठून तिने तिचं ठेवणीतलं पातळ नेसलं आणि मला म्हणाली, चल. माझ्या आईने तोपर्यंत सलालाहच्या बाजारातही एकटीने पाऊल टाकलं नव्हतं. बाबा दारात उभे राहिले. त्यांना ती वळसा घालून निघाली, जसं आपण वाटेतल्या खांबाला घालतो. पास्कू काकांनी काही न विचारता पिकअप काढली. मावशीच्या बाळंतपणाचं ऋण त्यांच्या डोक्यावर होतंच.

क्लब डोंगराच्या पायथ्याशी होता. धुक्यात रस्त्यावर उंट उभे होते आणि पास्कू काका त्यांना वसईच्या भाषेत शिव्या देत होते. अर्बाब व्हरांड्यात बसले होते. समोर खोक्यांची रांग होती, आणि एक माणूस एकेक काडतूस निकामी करत होता. अर्बाबांनी उठून आईला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिचं हिंदी रेडिओवरच्या गाण्यांतून शिकलेलं, म्हणजे प्रेमात पडायला पुरेसं आणि बाकी कशालाही अपुरं. वाटेत मी म्हटलं होतं, मी बोलू का? ती नको म्हणाली होती.

"अर्बाब, वो पीतल उसने खराब नहीं किया. मैंने किया. उसको मालूम भी नहीं था."

अर्बाबांनी विचारलं, मग त्याने स्वतःचं नाव का सांगितलं? आई म्हणाली, "झूठ बोला."

अर्बाबांनी काडतुसं निकामी करणाऱ्या माणसाला हाताने थांबवलं. मग ते रागाने नव्हे, दमलेल्या माणसासारखे बोलले. "बहन, कल तक वो गलती करनेवाला आदमी था. आज तुमने उसको झूठा बना दिया. गलती मैं माफ कर सकता हूँ. बारूद की चाबी मैं झूठे को कैसे दूँ?"

मला वाटलं, झालं, खलास. आम्ही वाचवायला आलो आणि बुडवून बसलो. आईने पदर खांद्यावर सारखा केला. तिला शब्द शोधायला वेळ लागला आणि अर्बाबांनी तो दिला.

"तुम्हारे लोग के आँख का बात था," ती म्हणाली, "वो उसने सच बोला. एक दिन भी नहीं रुका. मेरे नाम का बात था, तो झूठ बोला. वो झूठ मेरे वास्ते था. मैं वापस लेके जाती."

नमस्कार करून ती वळली. आम्ही पायऱ्या उतरलोसुद्धा. मागून अर्बाबांनी हाक मारली आणि कॉफी पिऊन जा, असं सांगितलं. ओमानी माणसाच्या घरची कॉफी नाकारायची नसते हे तिला ठाऊक होतं. ती परत फिरली आणि आता मात्र बसली. छोट्या बिनकानाच्या कपातली ती वेलचीची कडू कॉफी आईने तोंड न वाकडं करता प्यायली, खजूर खाल्ला. अर्बाबांनी विचारलं, पितळ नेमकं कशात घातलं होतं? आमसुलाला हिंदीत काय म्हणतात ते आम्हा दोघींनाही येईना. एक लाल आंबट फळ, एवढं मी सांगितलं. त्यांची आई कॉफीचं पितळी भांडं वाळल्या लिंबाने घासायची, ते म्हणाले. बाकी काही म्हणाले नाहीत. आम्ही निघताना फक्त, यल्ला, चलो, उसको कल भेजो, असं पास्कू काकांना सांगितलं. कशाला भेजो, ते सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आईने क्लबात काय झालं ते बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा क्लबात गेले. मी शाळेत गेले नाही, आई मला जा म्हणालीही नाही. ती नारळ खवायला बसली. एक झाला, दुसरा घेतला. इतकं खोबरं कशाला, विचारायची माझी हिंमत नव्हती.

बाबा दुपारी आले. किल्ली कमरेला होती. आम्ही दोघींनी आधी तीच पाहिली. अर्बाबांनी पुंगळ्या इथून पुढे घरी न्यायच्या नाहीत असं बजावलं होतं. आणि किल्ली देण्याआधी एकच प्रश्न विचारला होता, तो बाबांनी आम्हाला दारातच उभ्या उभ्या सांगितला. ती आली नसती, तर तू मला कधी खरं सांगितलं असतंस का? बाबा रात्रभर माफीचे शब्द जुळवत होते, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून खरं उत्तर गेलं. नाही, कधीच नाही. तेव्हा अर्बाब म्हणाले होते, बरं झालं. तू कुठे खोटं बोलतोस ते आता मला माहीत आहे. बाकी सगळीकडे मला काळजी नाही.

आई खवत होती ती थांबली. "कधीच नाय, म्हटलात?"

"म्हटलंय."

तिने विळी बाजूला सरकवली, हात धुतले आणि येऊन बाबांच्या समोर बसली. बाबाही पाटावर टेकले. दोघांच्याही हातात काही काम नाही आणि दोघं एकमेकांकडे बघत बसलेत, असं मी माझ्या जन्मात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी तिथून हलले नाही, आणि त्यांनीही मला जा म्हटलं नाही.